चिमणीच्या बाबांची बोट

“अगं, पकड ना! गेला परत डावीकडे!” भोंगा किंचाळला.

चेंडू टेबलांखालून घरंगळत थेट कठड्यावर आपटला. चिमणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मी तर उजवीकडे टाकला होता. कालही असंच झालं!”

“बोटीलाही सुट्टी लागलीय. आडवी होतेय बिचारी!” ढापण्या चष्मा सावरत म्हणाला.

तिघेही दोस्त खिदळले, पण चिमणीचं हसू लगेच विरलं.

ही बोट एके काळी युद्धनौका होती. आता तोफांच्या जागी फुलांच्या कुंड्या आल्या होत्या, आणि धक्क्याला कायमची बांधलेली ती बोट हॉटेल झाली होती. चिमणीचे बाबा नौदलात असताना हिच्यावरच होते. ते आजारपणात गेले, तेव्हा आईने इथलं धुण्या-इस्त्रीचं काम धरलं. खालच्या मजल्यावर बाबा ज्या लोखंडी फळीवर झोपायचे, तिच्यावर आता टेबलक्लॉथचे गठ्ठे असत. सुट्टीत चिमणी रोज ते बाजूला सारून तिथे पडायची. शाळेतल्या गमती सांगायची, नाहीतर नुसतीच पडून राहायची.

“मॅनेजरकाका, बोट कलतेय!” ती धावत जाऊन म्हणाली.

“ओहोटी आहे. पळा! आत्ता शंभरेक पाहुणे येतील.”

“आणि खालची ती घरघर का थांबली?”

“पंपाची ना? मीच बंद करायला लावला. डोकं उठतं लोकांचं!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जुन्या बोटीत पाणी झिरपतंच, पंप ते उपसत असतो, हे चिमणीला बाबांनीच सांगितलं होतं!

तळाच्या दाराला कुलूप होतं. पण शेजारी हवेसाठी एक भोक होतं. भोंग्याने चिमणीच्या आईची कपडे वाळवायची दोरी आणली, तिला चमचा बांधला आणि आत सोडली. डुबुक! वर ओढली, तर ओला भाग त्याच्या उंचीपेक्षाही लांब भरला.

ती दोरी पाहताच आईचा चेहरा उतरला. “मी बंदर कार्यालयाला फोन करते. तुम्ही आधी खाली उतरा!”

“उतरतो,” चिमणी म्हणाली, “पण सगळ्यांना घेऊन!”

पाहुणे येऊन बसलेसुद्धा होते. मॅनेजर ऐकायलाच तयार नव्हता. मग भोंग्याने सरळ माइक उचलला.

“लक्ष द्या! धक्क्यावर फुकट आइस्क्रीम! आधी येईल त्याला दोन!”

झालं! एकच झुंबड उडाली. आजोबा काठी विसरून धावले. ढापण्याने स्वयंपाकघरातली माणसंही पिटाळली. “कुठाय आइस्क्रीम? कोणी मागवलं?” असं ओरडत मॅनेजरही त्यांच्यामागे धक्क्यावर उतरला!

चिमणी मात्र खाली वळली. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. पांढरे टेबलक्लॉथ तरंगत होते.

“चिमणे, मागे फिर!” ढापण्याने मागून धावत येऊन तिचा हात घट्ट धरला.

“सोड! माझे बाबा...” तिने एकदा त्या अंधाऱ्या बोळाकडे पाहिलं आणि ती वर आली.

ती दोघं धक्क्यावर पोचतात न पोचतात तोच दोरखंड कडाडून तुटले. बोट हळूच कुशीवर कलंडली. कुंड्या धडाधड पाण्यात पडल्या.

आईच्या फोनमुळे धावत आलेल्या बंदर अधिकाऱ्यांनी मॅनेजरला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मग ते मुलांकडे वळले. “शाबास! आज इतकी माणसं तुमच्यामुळे वाचली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“काका, तिला परत उभं करतील?” चिमणीने विचारलं.

अधिकारी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. “नाही गं बाळ. आता ती तोडायलाच न्यावी लागेल.”

तिने मान हलवली. गर्दीतून वाट काढत आई आली. तिला पाहताच इतका वेळ अडवून धरलेलं सगळं चिमणीच्या डोळ्यांत आलं.

“आई, बाबा गेले तेव्हा मी रडलेच नव्हते. मला वाटायचं, ते इथे आहेत.”

आईने तिला छातीशी कवटाळलं.

“मलाही तसंच वाटायचं गं. म्हणून तर मी हे काम धरलं.”

लोक अजून टाळ्या वाजवत होते. त्या दोघी धक्क्यावर तशाच बसल्या आणि पहिल्यांदाच एकमेकींसमोर मनसोक्त रडल्या.