तिची सुट्टी

खंडेनवमीच्या दुपारी रविराज मिरजगावच्या स्टँडवर एसटीतून उतरला, तो स्वतःची गाडी घरी न्यायला. खरं तर न्यायची ठरली होती दसऱ्याला, म्हणजे उद्या. पण रविराजला दम कुठला निघायला! त्याचं गाड्यांचं वेड म्हणजे साऱ्या जामखेडात थट्टेचा विषय.

गाडीही अशीतशी नव्हती. त्याच्या वडिलांची, अण्णांची, दुधी रंगाची पद्मिनी. नजर अधू झाली तेव्हा अण्णांनी ती मिरजगावच्या कचरूला विकली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. तीच गाडी पुन्हा दारात उभी करायची, हे एकच खूळ रविराजने बावीस वर्षं उराशी धरलं होतं. आता कचरूही वारला होता आणि त्याची बायको छबूबाई गाडी द्यायला तयार झाली होती. कागद रविराजच्या नावावर झाले. कालच मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली. काल रविराज तिथून निघताना छबूबाई एवढंच म्हणाली होती, “उद्या पूजा हाय तिची. पूजेच्या दिशी ती हलत न्हाई. परवा न्या.”

हा नियम मुळात अण्णांचाच. नवमीला पान्या-पकडींबरोबर गाडीची पूजा करायची, बॅटरीची वायर काढून पूजेच्या ताटात ठेवायची आणि म्हणायचं, आज तिची सुट्टी. गाडीबरोबर कचरूने हा नियमही नेला होता. रविराजला हे सगळं माहीत होतं, पण त्या दुपारी त्यातलं काहीच त्याला आठवलं नाही.

छबूबाईच्या घराला कुलूप होतं. ती शेतात गेलेली, फोन लागेना. पत्र्याच्या शेडमध्ये पद्मिनी झेंडूची माळ घालून उभी होती आणि किल्ली गाडीलाच होती. आपलीच तर गाडी, घरी पोचल्यावर सांगू, असं म्हणत त्याने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात गाडी चालू झाली. त्याने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली.

जामखेडच्या रस्त्याला लागल्यावर तर तो मोठमोठ्याने बोलायलाच लागला. हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसती कटकट! पट्टा लावा म्हणून किणकिणतात, दार लागलं नाही म्हणून किणकिणतात. आणि ही बघा, स्टिअरिंगलगतचा गिअर दोन बोटांनी पडतो. उद्या त्या गाड्यांना चालवायला माणूसही लागणार नाही, मग मजा ती काय राहिली?

तेवढ्यात त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. मागचा रस्ता दिसत नव्हता, मागची सीट दिसत होती. त्याने आरसा वर केला. मैलभर गेल्यावर तो पुन्हा खाली वळलेला. स्क्रू ढिला असेल म्हणून त्याने गाडी थांबवून तो करकचून आवळला. पुढच्या वळणावर आरशात पुन्हा मागची सीटच... लहानपणी तो मागे झोपायचा, तेव्हा अण्णा आरसा असाच खाली वळवायचे. आई रागवायची, रस्त्याकडे बघा म्हणून.

काचा उघड्या होत्या, तरी गाडीत तपकिरीचा वास येत होता. अण्णा तपकीर ओढायचे. रविराजला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीहून जास्त आनंद झाला. त्याने आरशाला पुन्हा हात लावला नाही.

दिवेलागणीला त्याने घरासमोर गाडी उभी केली, किल्ली काढून खिशात टाकली. इंजिन किती तापलंय बघू, म्हणून बॉनेट वर उचललं, तोच फोन वाजला. छबूबाई होती.

“आवो, गाडी कुटं हाय?”

“मी आणली, मावशी. चुकलंच माझं... राहवलं नाही.”



“पन आनली कशी? बॅटरीची वायर सकाळीच काढलीया मी... हितं ताटात हाय.”

रविराजने वाकून पाहिलं. नव्या बॅटरीचं एक टोक उघडं होतं. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

त्याच वेळी हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. अण्णा दारात आले की असाच वाजवायचे, आणि तो ऐकला की आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची.

आत्ताही ती तांब्या घेऊन आली. गुडघ्यांमुळे तिला चालवत नव्हतं, तरी भरभर आली. उघड्या बॉनेटमुळे रविराजला गाडीच्या आतलं काही दिसत नव्हतं. फक्त आईचा आवाज ऐकू आला, सवयीचा, “घ्या. दमला असाल.”

मग बांगड्या वाजल्या. आई काठी टेकत पुढे आली आणि बॉनेटसमोर उभ्या रविराजला पाहून जागच्या जागी थबकली.

“तू हितं हायेस?... मग आत...”

तिचा हात अजून तसाच पुढे होता. त्यात तांब्या नव्हता.