उलटा प्रवाह

चंद्रावरच्या शिशुसदनात कृत्रिम गर्भाशयाच्या काचेपाशी शलाका मुळगावकर उभी होती. आत तिचं स्वतःचं बाळ होतं, वालाच्या दाण्याएवढं. गर्भविज्ञान हा तिचा रोजचा विषय. तरी आज ती काचेपासून हलत नव्हती.

"पंप उलटा जोडला गेला होता," तिचा सहकारी डॉ. बर्नार्ड तुस्कानो म्हणाला. "पण आपण वाचलो. मी सकाळीच तो सरळ केला. हे बघ."

स्क्रीनवर जठर दिसत होतं. पुढून आणि मागून दोन पातळ पटलांनी ते शरीराच्या मधोमध टांगलेलं होतं. आता मागचं पटल डावीकडे फुगू लागलं होतं. पटल फुगेल तसं जठर वळतं, अन् मागोमाग आतडीही आपली जागा धरतात. डावं कुठलं, उजवं कुठलं, हे या गर्भाशयात गर्भाला भोवतीच्या द्रवाचा प्रवाहच सांगे.

"झालं की सगळं नीट!"

शलाका स्क्रीनवर झुकली. "बर्नार्ड, हृदय आधी वळतं. हृदय दाखव."

त्याने चित्र सरकवलं. इवलंसं हृदय छातीत उजव्या बाजूला बसलं होतं.

"अगं, पण उजवं हृदय घेऊनही माणसं जगतात."

"जगतात. सगळंच उलटं असेल तर ठणठणीत जगतात, आरशातल्यासारखी. इथे हृदय एकीकडे आणि जठर दुसरीकडे जाईल. आतड्यांना नीट आधार मिळणार नाही, पीळ पडेल, रक्तपुरवठा तुटेल."

बर्नार्डचा चेहरा उतरला. "म्हणजे मी दुरुस्ती केली नसती तर..."

"पंप पुन्हा उलटा कर."

"शलाका, पटल फुगायला लागलंय. आता ते मागे फिरेल?"

"मला माहीत नाही! कर लवकर!"

पंपाचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. द्रवातले कण उलटे वाहू लागले. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. शलाका पुटपुटत होती, "वळ गं बाई, वळ."

डावीकडचा फुगवटा हळूहळू ओसरला. पटल मधोमध थरथरलं आणि उजवीकडे झुकलं.

शलाका मटकन खाली बसली. तोंडावर पदर घ्यावा तसा तिने अंगातला कोट ओढून घेतला आणि ती हमसून हमसून रडली.

मुलगी जन्मली ती टाहो फोडतच. पहिलं दूध तिने जिथे जिरवलं, ते जठर उजव्या कुशीत होतं.