डावीकडची मोकळी वाट

लवंगीने पहिल्याच भेटीत त्याच्या नाकावर चेंडू मारला. मुद्दाम नव्हता मारला. पण पुढे जे काही झालं ते पाहता मुद्दाम मारला असता तरी चाललं असतं, असं ती अजूनही म्हणते.

कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये ती एकटीच भिंतीवर पास मारत बसली होती. तेवढ्यात भिंतीतलं दार उघडलं आणि एक लांबलचक मुलगा वाकून आत आला. दार त्याच्या मानाने बुटकं होतं. त्याने मान वर केली आणि चेंडू थेट नाकावर!

"दिसत नाही का?" ती ओरडली.

"दिसत होतं," तो नाक धरून म्हणाला, "आता जरा कमी दिसतंय."

तिला हसू येत होतं, पण तिने ते गिळलं. त्या दिवसांत ती कुणाच्याच विनोदाला हसायची नाही. टीममध्ये सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तापट, म्हणून पोरींनी तिचं नाव लवंगी ठेवलेलं. गेल्या वर्षी, ऐन उपांत्य सामन्यात, तिच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. मग ऑपरेशन, कुबड्या, फिजिओताईंचे व्यायाम. सगळा हंगाम ती बेंचवर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत होती, आणि ज्याने हे कधी केलंय त्यालाच कळेल की टाळ्या वाजवूनही तळहात कसे जळतात.

आता ती परत आली होती. आणि परत आल्यापासून एका शब्दाने तिचं डोकं फिरलं होतं. पोटेन्शियल! प्राचार्य म्हणाले, "मुलीत पोटेन्शियल आहे." कॉलेजच्या मासिकाने तिचा फोटो छापून तेच लिहिलं. काका फोनवर म्हणाले, शेजारच्या काकू जिन्यात म्हणाल्या. दुखापतीआधी हा शब्द कुणी काढला नव्हता. तेव्हा सगळे नुसतं म्हणायचे, काय खेळते पोरगी! आता तिचा खेळ जणू पुढच्या कुठल्यातरी तारखेवर ढकलला होता.

"तू कोण?" तिने त्या लांबुडक्याला विचारलं.

"मॅडमनी बोलावलंय. तुमच्यासमोर उभं राहायला."

मॅडम म्हणजे टीमच्या कोच. मुलींच्या सरावाला समोर मुलांना उभं करायचं, ही त्यांची जुनी पद्धत. मुलांच्या टीमच्या निवडीत गळालेली पोरं त्या हेरून आणायच्या. उंच, ताकदवान, आणि थोडी दुखावलेली. त्यांना चुकवून जी मुलगी बास्केटपर्यंत पोचेल, तिला सामन्यात कुणी अडवू शकत नाही, असं मॅडमचं गणित.

"म्हणजे मुलांनी तुला नापास केलं," लवंगी म्हणाली.

"शेवटच्या फेरीत," तो मान डोलवत म्हणाला. "म्हणजे माझ्यातही पोटेन्शियल आहे."

या वेळी तिला हसू आवरलं नाही. मग हसू आलं म्हणून राग आला. तिने त्याचं नाव तिथल्या तिथे शिडी ठेवून टाकलं.

शिडी रोज तिच्यासमोरच उभा राहू लागला. आणि लवंगीचा खेळ फुलू लागला. डावीकडून घुसणं हा तिचा हुकमी डाव होता. खांदा खाली, एक झपाट्याची ढांग, की समोरची मुलगी मागे राहिलीच! गुडघा गेला तेव्हा तिला भीती होती ती याच डावाची. पण आता बघावं तर ती शिडीला चुकवून डावीकडून सुळकन निसटत होती. एवढ्या उंच मुलाला! कॅप्टन टाळी द्यायची, फिजिओताई बाहेरून अंगठा दाखवायच्या. घरी जाताना लवंगी जिन्याच्या पायऱ्या उड्या मारत चढायची आणि आईचा जीव वर-खाली व्हायचा.

सराव संपला की दोघं हॉलबाहेरच्या यंत्रातली कॉफी प्यायचे. ती भयंकर असायची. तरी रोज प्यायचे.

"राग आला की तुझी एक भुवई वर जाते," एकदा तो म्हणाला.

"आणि राग नसतो तेव्हा?"

"ते अजून... बघायला मिळालं नाही."

"थांब, दाखवते," म्हणून तिने त्याच्याकडे बघितलं. शक्य तितकं शांतपणे, न रागावता. पण त्याने नजर हटवली नाही, आणि मग कुणाचीच हटेना. कॉफी निवून गेली. शेवटी तिनेच कप कचऱ्यात फेकला नि म्हणाली, "बास. पुरे झालं. डोळे दुखले." त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि झोप लागली नाही म्हणून तिने उशीला दोन गुद्दे हाणले.

आणि मग तो मैत्रीपूर्ण सामना आला. त्याला मैत्रीपूर्ण कोण म्हणतं देव जाणे! आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आठवडा उरला होता. लवंगीचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे पहिल्या पाचांत, म्हणजे सुरुवातीलाच कोर्टवर उतरणाऱ्यांत, जागा मिळाली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. पाहुण्या टीमची एक दणकट मुलगी तिच्यासमोर आली. लवंगीने खांदा खाली घातला, ढांग टाकली, आणि भिंतीवर आदळावी तशी आदळली. ती मुलगी जागची हललीसुद्धा नव्हती. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी चेंडूच हातातून गेला. मॅडमनी तिला बाहेर बोलावलं आणि ती टॉवेल तोंडावर घेऊन बसली.

टॉवेलच्या आत तिला सगळं दिसलं. सरावात डावीकडे कोण अडवायचं? शिडी. तिथे वाट नेहमीच कशी मोकळी असायची? अर्ध्या पावलाची, बरोब्बर तिच्या गुडघ्याच्या बाजूला? ती निसटत नव्हती... तिला सोडलं जात होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो सायकल स्टँडवर सापडला. भुरभुर पाऊस पडत होता आणि तो कुलूप उघडायची खटपट करत होता.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

त्याने नाटक केलं नाही. एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग का? मी काय काचेचं भांडं आहे?"

"गेल्या वर्षी मी तिथे होतो. प्रेक्षकांत. तू पडलीस तेव्हा... तू जी ओरडलीस ना, ते माझ्या कानातून जात नाही अजून. मी तुझ्या डाव्या बाजूला आडवा आलो, तर माझा पाय तुझ्या गुडघ्याला लागेल, असं सारखं वाटतं. मला नाही जमत, लवंगी. कारण मला तू..." तो थांबला. चष्म्यावर पावसाचे थेंब जमले होते. "मला तू आवडतेस."

आता बघा, इतके दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि आलं कधी तर ज्या क्षणी त्याच्या थोबाडीत दोन द्याव्याशा वाटत होत्या त्या क्षणी! लवंगीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, दुसरं काही समजायचं कारण नाही.

"आवडते म्हणून माझा खेळ बुडवलास?" ती किंचाळली. "सगळ्यांनी गोड गोड बोलून मला मूर्ख बनवलं. आई माझी बॅग उचलते, पोरी मला धक्का लागला तर सॉरी म्हणतात, पण तू! तू एकटा असा होतास की ज्याला हरवलं की मला वाटायचं, मी खरंच परत आले. तेच खोटं निघालं. माझ्याकडे आता काय उरलं, सांग ना?"

ती तशीच भिजत मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम स्पर्धेसाठी उद्या सांगायची टीम ठरवत बसल्या होत्या. लवंगीने सगळं सांगितलं. त्या पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिल्या.

"मला दिसायला हवं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मला तू परत यायला हवी होतीस, म्हणून मी नीट बघितलंच नाही. माझं चुकलं. बरं, आता काय करायचं?"

"उद्या टीम सांगायच्या आधी त्याला माझ्यासमोर उभं करा. सगळ्यांसमोर. आणि या वेळी खराखुरा अडव म्हणावं."

"आणि त्याने अडवलं तर? मग मी जे बघेन ते मला विसरता येणार नाही. आत्ता तू गप्प बसलीस तर पहिल्या पाचांत आहेस, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मला खोटी जागा नको, मॅडम," लवंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अख्खी टीम कोर्टच्या कडेला बसली. शिडी समोर उभा होता, चेहरा पार उतरलेला. लवंगी त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आज अर्धं पाऊल जरी मागे सरलास तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही."

त्याने चष्मा काढून कॅप्टनच्या हातात दिला.

ती डावीकडे घुसली. तो आडवा आला, खरोखरचा आडवा, आणि त्याच्या छातीवर आपटून ती खाली पडली. कडेला कुणाच्या तरी तोंडून "आई गं" निघालं. शिडीचा हात आपोआप पुढे आला... आणि मध्येच थांबला. त्याने तो मागे घेतला, मुठीत आवळला. त्याला ते किती जड गेलं हे तिला खालून स्पष्ट दिसलं. ती आपली आपण उठली. गुडघा शाबूत होता.

पुन्हा घुसली, पुन्हा अडली. ती जुनी झपाट्याची ढांग आता पायात नव्हती. मन म्हणत होतं आहे, पाय म्हणत होता नाही, आणि पायच खरं बोलत होता. तिला एवढा संताप आला, की पुढच्या वेळी तिचं कोपर त्याच्या ओठावर लागलं. ओठ फुटला. तो तरीही हलला नाही.

"शाब्बास," ती दात खाऊन म्हणाली.

पुढच्या वेळी तिने पुन्हा खांदा खाली घातला. शिडीने जीव तोडून तिच्या डावीकडे झेप घेतली, आणि तिथेच लवंगीला ते दिसलं. तो आता ती बाजू खरोखर अडवत होता, म्हणूनच त्याला तिकडे खेचता येत होतं! ती जागच्या जागी थांबली. तो अंगाच्या ओढीने पुढे निघून गेला. समोर कुणीच नव्हतं. तिने उडी मारली, चेंडू सोडला, आणि जाळी सळसळली. पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. त्यानंतर कधी तो अडवायचा, कधी ती टाकायची, पण एकही बास्केट कुणी तिला बहाल केली नाही.

मॅडमनी शिट्टी वाजवली आणि टीम वाचली. पहिल्या पाचांत लवंगी नव्हती. "तू सहावी," त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या. "जुना डाव गेलाय, नवा अजून कच्चा आहे. पण दमलेल्या टीमसमोर तुला उतरवलं तर तू त्यांना पाणी पाजशील. आज तरी मला एवढंच दिसतं."

लवंगीला रडू फुटलं. सहावी! शेवटच्या वर्षी सहावी! जागा तिने स्वतःच्या हाताने घालवली होती आणि ते तिला झोंबत होतं. झोंबणारच. पण कुणी पोटेन्शियल म्हणालं नव्हतं. जे होतं ते सांगितलं होतं, तोंडावर. तिने डोळे पुसले नि म्हणाली, "सहावी तर सहावी. पण उतरवा मला."

शिडी बेंचच्या टोकाला ओठावर बर्फ धरून बसला होता. मॅडमशी दोन शब्द बोलून ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"रागावली आहेस?" त्याने विचारलं.

"भयंकर."

"मॅडम म्हणत होत्या, उद्यापासून तुझ्यासमोर दुसऱ्या कुणाला देऊ का. मी म्हटलं, तिलाच विचारा."

"मला विचारलं त्यांनी."

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, तोच पाहिजे. दुसरा कुणी मला अडवताना एवढा घाबरणार नाही, आणि घाबरूनही जो अडवतो त्यालाच हरवण्यात मजा आहे." ती एका दमात बोलत सुटली. "आणि तूही मला आवडतोस. पहिल्यापासून आवडतोस. म्हणून तर एवढा संताप आला मला, मूर्खा! दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी नुसती शिवी दिली असती."

तो बघतच राहिला. बर्फ हातातून निसटून खाली पडला. "परत एकदा म्हण," तो म्हणाला.

"ऐकू आलंय तुला."

पलीकडे पोरी बुटांच्या नाड्या सोडायचं विसरून कान टवकारून बसल्या होत्या. कॅप्टनने तर खोकल्याचं सोंगसुद्धा केलं. लवंगीने त्यांच्याकडे असं बघितलं की सगळ्या माना खाली गेल्या. मग चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवून तिने त्याचा हात धरला, आणि कुणाला बघायचं ते बघू दे म्हणत घट्ट धरून ठेवला.