एका वेळी एकच डबा

रिव्हॉल्व्हर फुटलं तेव्हा ते वेंडेल स्ट्रेटच्या हातात होतं. शनिवारची नेमबाजी रंगात आली होती. मूठ हातात राहिली, बाकीचं उडालं. एक तुकडा उजव्या डोळ्यात घुसला.

पाइन फोर्क गावच्या जिभांना तेवढं पुरलं. काडतुसं घरी भरलेली. वेंडेलचे हात कापतात, म्हणून काडतुसाच्या पुंगळीत बंदुकीची दारू त्याची बायको इडेला ओतायची. म्हातारीनं एका पुंगळीत दोनदा ओतली असणार. झालं, निकाल लागला.

वाईट एवढंच, की वेंडेललाही तसंच वाटलं. त्यानं नर्सला बजावलं, "बायकोला आत सोडायचं नाही."

अख्खा जन्म एका ताटात जेवलेली बाई दारात अडवली.

सोमवारी शेरीफच्या हाताखालची अधिकारी लॉर्ना हॅस्केट स्ट्रेटांच्या तळघरात उतरली.

"दोनदा ओतलीस का, मावशी?"

"गाव सांगतंय ना? मला कशाला विचारतेस?"

"गाव तळघरात नव्हतं."

इडेलानं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.

टेबलाला माप घट्ट बसवलेलं. वर दारूची नळी, बाजूला दांडा; एकदा ओढला की एका काडतुसापुरती दारू खाली. शेजारी दारूचा डबा.

"एकच डबा?"

"एका वेळी एकच. मापात जी दारू, तिचाच डबा टेबलावर. दुसरा दिसला तर घराबाहेर काढीन म्हणायचा वेंडेल. डबा नाही दिसला, तरी काढलंच."

लॉर्नानं डबा उचलला. जड. गळ्यापर्यंत भरलेला.

"कधी उघडला?"

"बर्फ वितळताना. तेव्हापासून यातूनच भरतोय. शनिवारपासून मात्र हात लावलेला नाही मी."

लॉर्नानं डबा खाली ठेवला. एक रिकामी पुंगळी पुढं ठेवली. "आता दोनदा ओत."

इडेलानं डब्यातली दारू नळीत ओतली, दांडा ओढला. पुंगळी अर्ध्याच्या वर भरली. पुन्हा ओढला. दारू टेबलावर सांडली.

"फुगीर दारू मुद्दाम घेतो तो," इडेला म्हणाली. "दोनदा पडली तर आंधळ्यालाही कळावं म्हणून."

"मग गावाला सांगितलं का नाहीस?"

"विचारायला आलं कोण?" तिचा आवाज खाली आला. "आणि नवराच म्हणतो म्हटल्यावर, मलाही वाटायला लागलं... झालं असेल माझ्याच हातून."

वेंडेलचा पुतण्या रेक्स नेमबाजीच्या क्लबवर सुरक्षा सांभाळायचा. लॉर्नानं त्याला तिथंच गाठलं. छातीवर बिल्ला, अंगात ऐट.

"उरलेली काडतुसं कुठंयत?" लॉर्नानं विचारलं.

"तेलाच्या बादलीत बुडवली. संशयाचा माल ठेवायचा नसतो."

"सगळी?"

"पेटीतली सगळी."

"तू भरतोस काडतुसं?"

"बदकांच्या शिकारीची, छर्‍याची. पिस्तुलातलं मला कळत नाही. काकू बिचारी... वय झालं हो."

"त्यांच्या तळघरात जाणं-येणं?"

"ईस्टरनंतर पाऊल टाकलं नाही."

लॉर्ना तिथून दवाखान्यात गेली. वेंडेलच्या जाकिटाचे खिसे तपासले. मग बंदुकीची दारू विकणार्‍या गावातल्या एकुलत्या दुकानात डोकावली.

संध्याकाळी तिनं रेक्सला दवाखान्यात बोलावलं. वेंडेलच्या खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. इडेला बाहेर बाकावर, मांडीवर रानबोरं भरून भाजलेल्या गोड पोळीची थाळी झाकून.

लॉर्नानं पांढरी बशी पुढं केली.

"काकांच्या जाकिटात काही काडतुसं राहिली होती, रेक्स. ती बादलीत गेली नाहीत. फोडली. बघ."

बशीत करडे दाणे. काही मध्ये भोक असलेले, बारीक बांगड्यांसारखे. काही चपटे, टिकल्यांसारखे.

"बांगड्या काकांच्या दारूच्या. टिकल्या बदकांच्या काडतुसातल्या. झटकन पेटणार्‍या. पिस्तुलाच्या एवढ्याशा पुंगळीत ही भेसळ म्हणजे काळच."

"काकूनं मिसळली असेल."

"मग तळघरातल्या डब्यात एकही टिकली कशी नाही? आणि उन्हाळाभर वापरलेला डबा गळ्यापर्यंत भरलेला? दारूचा डबा म्हणजे गाय नव्हे, रोज धार द्यायला. डबा बदललाय. शनिवारी दुपारी, अपघातानंतर, दुकानदारानं तसा एक विकला. पिस्तुलातलं ज्याला काही कळत नाही, त्याला."

रेक्सचा हात बिल्ल्याकडं गेला.

"माझं माप मोडलं होतं," तो पुटपुटला. "काकांचं वापरलं. त्यांच्या घरी कुणी नव्हतं. तळघराला कुलूप नसतं."

"काम झालं, नळीत तुझी दारू उरली. ती तुझ्या डब्यात परत जायची. पण तुझा डबा गाडीत, टेबलावर काकांचा. या घरात वाढलेला तू. टेबलावरचा डबा म्हणजे मापातली दारू. हात सवयीनं तिकडंच वळला."

"थोडीशीच होती. वाटलं, मिसळून जाईल."

"सांगितलं असतंस तर काकांनी डबा फेकला असता. चार शिव्या, संपलं."

"बिल्ला गेला असता."

"म्हणून काकांचा डोळा घालवलास. वर पुरावा बुडवलास आणि काकूला पुढं केलंस. चल."

ती त्याला घेऊन गेली. खोलीतून घोगरा आवाज आला. "इडेला..."

इडेला जागची हलली नाही. "नर्सबाईंना विचार आधी. मला सोडतात का आत."

नर्स खाली मान घालून बाजूला झाली.

वेंडेलनं चाचपडत हात पुढं केला. कापत होता. इडेलानं आधी थाळी टेबलावर ठेवली, पदर नसलेल्या त्या बाईनं कोटाच्या बाहीनं डोळे कोरडे केले, आणि मग तो हात धरला.

"दारू मीच ओतणार," ती म्हणाली. "पण तळघराला आता कुलूप. किल्ली माझ्याकडं. तुलाही विचारून उतरावं लागेल."

"बरं," वेंडेल म्हणाला.