काटे झडलेले

काट्याची लांबी अठ्ठ्याहत्तर मायक्रॉन भरली. माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. डॉ. शर्वाणी केंकरे यांनी आकडा लिहून नऊ वर्षांपूर्वीची ती काचपट्टी बाजूला ठेवली. या नराला असे सहा काटे होते. पुढच्या काचपट्टीवरच्या नराला एकही नव्हता.

बाहेरून दोघे सारखेच होते, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे आणि राखाडी. बारीक पतंगांच्या या कुळात पंखांवर विसंबता येत नाही. पोटाचं टोक दाहक पोटॅशमध्ये मऊ करायचं, उघडायचं आणि आतल्या जननेंद्रियांवरून आणि त्यांतल्या काट्यांवरून जात ठरवायची.

"एवढ्याशा पाखराक एवढां मोठां यंत्र?" समोर बसलेल्या हर्षदा आरोलकर म्हणाल्या. त्या सुरंगीच्या अकरा झाडांच्या मालकीण. सात आठवड्यांपूर्वी त्यांनी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून आज स्वतः आल्या होत्या. "माजां काय तां सांगा. कळे येतत, वळेसार गुंफून इकतंय. पण कितीक वर्सां फळ धरूक नाय. झाडांखाली एक रोप नाय."

कोकणात काजूचा मोहोर पोखरणारा पतंग आता उरला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी त्याच्यावर 'निष्कन्या' तंत्र वापरलं गेलं. एरवी आईचा किंवा बापाचा एखादा गुण साधारण निम्म्या संततीत उतरतो. प्रयोगशाळेत घडवलेलं हे जनुक मात्र प्रत्येकात उतरतं, आणि ते वाहणाऱ्या मादीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात.

"म्हणजे चेडवां जल्माकच येणत नाय?"

"नाही. आधी मुली संपतात. मग सगळेच."

कायद्याची अट एकच होती. सापळ्यांत धरलेले पतंग एकाच जातीचे आहेत, असा वर्गीकरणतज्ज्ञाचा दाखला. तो मिळाला की प्रयोगशाळा त्या सगळ्यांत जनुक घालून पैदास करी. दाखला शर्वाणींचा होता. नमुन्यातल्या चाळीस नरांपैकी सतरा बिनकाट्यांचे निघाले, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. या कुळात मीलनाच्या वेळी नराचे काटे तुटून मादीच्या पिशवीत राहतात, हे या विषयाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. सतरा ओळींपुढे त्यांनी लिहिलं, 'काटे झडलेले'. खात्री करायची तर माद्या उघडून पाहायला हव्या होत्या. दाखला संध्याकाळपर्यंत हवा होता.

माद्यांची ती डबी नऊ वर्षं कपाटात पडून होती. आज ती बाहेर निघाली.

पहिल्या मादीच्या सोंडेवर पिवळे कण होते. हर्षदांनी रुमालात आणलेल्या सुरंगीच्या फुलाचा पराग शर्वाणींनी शेजारी ठेवून पाहिला. तोच. मग त्यांनी मादीचं पोट उघडलं. पिशवीत नराने दिलेली बीजाची पुडी होती, म्हणजे मीलन झालं होतं. काटे नव्हते. पराग लागलेल्या दुसऱ्या मादीत नव्हते. नवव्या मादीतही नव्हते. पराग नसलेल्या माद्यांत मात्र तुटलेले काटे होते.

शर्वाणींनी चिमटा खाली ठेवला.

"काय झालां?"

"त्या नरांचे काटे झडले नव्हते. त्यांना काटे कधी नव्हतेच. ही वेगळी जात होती. तुमची सुरंगी हिच्यामुळे फळत होती."

"नाव काय तिचां?"

"नाव नाही. मी दिलंच नाही."

हर्षदांनी त्या एवढ्याशा पोटाकडे पाहिलं. "खंयसून तरी दुसरी आणा."

"कारवारच्या बाजूला अजून आहेत." शर्वाणींनी खण उघडला. हर्षदांचं पत्र वर होतं, खाली कारवारचा दाखला, सहीवाचून. दोन्ही एकाच दिवशी आले होते आणि त्यांनी ते एकाच खणात सारले होते. "जुन्या पैदाशीतले पतंग आता तिकडे सोडायचेत. त्यात दोन्ही जाती आहेत."

"मगे काट्याचेच सोडा."

"पोट उघडल्याशिवाय ओळखता येत नाही. आणि उघडल्यावर सोडायला काही उरत नाही."

हर्षदा म्हणाल्या, "कारवाराक माज्या भावाची काजीची बाग आसा. तीन वर्सां मोहोर हातात येणत नाय. तो ह्या पाखरांची वाट बघता."

"मला माहीत नव्हतं."

"आता म्हायत झालां मां?"

फोन वाजला. पतंगांची पैदास करणाऱ्या संस्थेचे संचालक सामंत होते. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "मॅडम, डबे गाडीत चढलेत. सही तेवढी द्या. सात आठवडे झाले, रोज आपलं 'बघते, बघते'!"

शर्वाणींनी हर्षदांकडे पाहिलं.

"माज्या तोंडाकडे बघू नकात," हर्षदा म्हणाल्या. "बोला."

"सामंत," शर्वाणी म्हणाल्या, "त्या दोन जाती आहेत. कोकणातली एक माझ्या सहीने संपली. डबे उतरवा. मी सही करणार नाही."