मंद लॅपटॉपची वही

साल २०१२. मी चोपन्न वर्षांची होते आणि माझा लॅपटॉप पाच वर्षांचा. दोघांत म्हातारं कोण, हा प्रश्न तेव्हा रोज सकाळी पडायचा. त्याचं बटण दाबून मी भाजी निवडायला बसायची; भाजी निवडून, धुऊन, चिरून व्हायची, तेव्हा कुठे तो डोळे उघडायचा.

परभाषेतल्या मालिकांना मराठी ओळी लावणं हे माझं काम. पडद्यावरचा माणूस बोलतो तेव्हा खाली उमटतात, त्या ओळी. चित्र चालू, खाली वेळेची पट्टी, शेजारी मूळ संवाद, दोन शब्दकोश, शिवाय मागच्या भागांच्या सगळ्या फायली. कारण पहिल्या भागात जिला आत्या म्हटलं, ती सातव्या भागात मावशी होऊन चालत नाही. एवढं सगळं एकदम उघडलं की लॅपटॉपला धाप लागायची. पात्राचे ओठ हलून जायचे आणि आवाज मागून यायचा. मग ओळ नेमकी कुठे बसवायची?

अशात एका नव्या कंपनीने परीक्षा म्हणून दोन भाग दिले. मुदत पंधरा दिवसांची. पसंत पडले तर वर्षभराचं काम. नाही पडले, तर घर आवरून दादाकडे राहायला जायचं. आई गेल्यापासून दादा मागे लागला होता, आणि वहिनीने तर माझ्या खोलीचे पडदेही शिवून ठेवले होते. दोघं माणसं सोन्यासारखी. पण मला माझं टेबल, माझी खिडकी आणि माझी उठण्याची वेळ सोडायची नव्हती. आजवर मी फार हट्ट केले नाहीत. हा एक करायचा ठरवला.

दातांसाठी बाजूला ठेवलेले पैसे पर्समध्ये घातले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि सोमवारी सकाळी नवा घ्यायला लॅपटॉपच्या मोठ्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले. ते उघडायला तासभर होता. समोर एक कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याच्या पायरीवर मी टेकले.

"आमच्या पायरीवर बसून समोर खरेदी?" मागून आवाज आला.

वळून पाहिलं. केस पिकलेले, कानावर पेन्सिल, हातात चहाचे दोन कप. एक माझ्यासाठी होता, हे कळायला मला क्षण लागला.

"हा संपलाय," पिशवी दाखवत मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

"त्यानेच. रोज सांगतो."

ते हसले. ओठ फारसे हलले नाहीत, पण डोळ्यांच्या कडांना घड्या पडल्या... मी चहाकडे पाहिलं.

त्यांच्या कामाची एक रीत होती. बदलायचा की दुरुस्त करायचा, हे चिडलेल्या माणसाने ठरवू नये, असं त्यांचं म्हणणं. पंख्यातली धूळ काढली, मेमरी वाढवली आणि शंभर पानी वही माझ्या हातात ठेवली. आठ दिवस लिहायचं: काय काय उघडलं होतं, कशाला अडला, किती वेळ अडला. रोज संध्याकाळी वही दाखवायची. ते रात्री वाचून सकाळी परत देणार.

पहिल्याच दिवशी मी लिहिलं, "सत्तावीस खिडक्या उघड्या. चित्र अडकलं. नायिका चार मिनिटं तोंड उघडं ठेवून बसली."

सकाळी समासात पेन्सिलीने प्रश्न होता: "त्या चार मिनिटांत तुम्ही काय केलंत?"

"तिच्याकडे पाहत बसले. बिचारीला तोंड मिटताही येईना."

"सत्तावीस खिडक्या कशाला?"

"मी काही बंद करत नाही. बंद केलं की ते पुन्हा सापडणार नाही, असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी समासाऐवजी पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात एकच शब्द होता: "मलाही." त्यांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाल्याचं मला तोवर ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप एक दिवस सुधारला आणि पुन्हा मूळपदावर आला. मी मात्र रोज संध्याकाळी वेणी नव्याने घालून वही पोचवायला निघत होते. धाकट्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "ताई, हळू चालतोय तो लॅपटॉप की तू?"

पुढच्या सोमवारी खिडकीच्या उजेडात वही चाळत होते. बुधवारच्या पानावर खोडलेलं काहीतरी दिसलं. खोडरबराने शिसं गेलं होतं, पण कागदावरचा दाब गेला नव्हता. पान तिरकं धरलं आणि वाचलं: "नवीनच घ्यावा लागेल."

तशीच दुकानात गेले. वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"बुधवारीच कळलं होतं?"

त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "हो. हल्लीची चित्रं जड असतात, त्याच्या मूळ ताकदीलाच झेपत नाहीत. मेमरी वाढवूनही..."

"मग खोडलंत का?"

त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही समोरून नवा घेतला असतात," ते म्हणाले. "वही बंद झाली असती."

दुसऱ्या एखाद्या दिवशी हे ऐकून मी विरघळले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर वहिनीचे पडदे हलत होते.

"माझ्याकडे पंधरा दिवस होते," मी म्हटलं. "त्यातले पाच तुम्ही तुमच्या वाचनासाठी ठेवून घेतलेत."

त्यांची मान खाली गेली. मी रस्ता ओलांडला, दातांचे पैसे मोजून दिले आणि अर्ध्या तासात नवाकोरा लॅपटॉप त्यांच्या टेबलावर आणून ठेवला.

"हा आजच्या आज माझ्या कामाला लावून द्या. जुना टाकायचा नाही. शब्दकोश आणि जुन्या फायली त्याच्यावर राहतील, चित्र याच्यावर. ओझं वाटून दिलं की दोघांना झेपेल."

"तुम्ही रागावलात ना?"

"राग काम झाल्यावर. आत्ता वेळ नाही."

फायली हलवता हलवता काहीतरी राहायचं, म्हणून पुढचे सहा दिवस मी त्यांच्या दुकानाच्या मागच्या टेबलावरच बसले. समोर दोन लॅपटॉप, बाहेर पन्हळीवर पावसाची टिपटिप. मी ओळी बसवायची, ते पाठीमागे उभं राहून पाहायचे. "ही अर्धा श्वास आधी हवी," असं हळूच सांगायचे, आणि ते बरोबरच असायचं. एकदा धाकटी डबा घेऊन आली. मी "अहो, जरा आवाज वाढवा" म्हटलं, आणि जाताना ती माझ्या कानाशी कुजबुजली, "आठवड्यापूर्वी 'अहो दुरुस्तीवाले' होतं. दुरुस्तीवाले कुठे गळाले?"

पंधराव्या दिवशी दुपारी दोन्ही भाग पाठवले. खुर्ची मागे सरकवली.

"आता राग," मी म्हटलं.

ते हातातलं काम ठेवून समोर येऊन उभे राहिले, शाळेत उभं करतात तसे. मी वही ओढली आणि लिहिलं: "आज दोन्ही लॅपटॉप नीट. काहीही बिघाड नाही. तरी उद्या यावंसं वाटतं —"

त्यांनी वाचलं. हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला, थांबला... आणि त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

"तुमचं पेन द्या. हे खोडता येऊ नये."

शाईने त्यांनी लिहिलं: "या. परवाही या."

काम मला मिळालं. वर्षाचं म्हणत म्हणत अकरा वर्षं चाललं. काम मिळाल्यावर पुढच्याच वर्षी आम्ही नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून दादा, वहिनी आणि धाकटी. वहिनीने ते पडदे आहेरात दिले आणि ते माझ्याच खिडकीला लागले. धाकटी अजून मला मंद म्हणते. नवा लॅपटॉप सात वर्षांनी गेला. जुना त्याच्यानंतरही दोन वर्षं शब्दकोश सांभाळत होता. दातांचं काम लांबत गेलं ते गेलंच, आता कवळी आहे. दुकान यांनी सत्तरीत बंद केलं. यांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणून ओळी वाचत मालिका पाहतात, आणि एखादी उशिरा आली की माझ्याकडे वळून भुवई उडवतात. वही कपाटात आहे, अधूनमधून आम्ही अजून तिच्यात लिहितो. तिच्यात तीनच कोरी पानं उरलीत, आणि दुसरी आणायची की नाही यावर आमचा वाद नाही. ती कालच आणून ठेवलीय.