पोटातल्या मागांची सुट्टी

गोळी घेतली की आजोबांचं पोट फिकट का पडतं, हे कोडं मैथिलीच्या डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. त्यापायी तिने एक उद्योग केला आणि सगळं घर मेटाकुटीला आलं.

आजोबा म्हणजे डॉ. रंगनाथ म्हेत्रस. उभं आयुष्य पोटाचा अभ्यास करण्यात गेलं आणि म्हातारपणी त्यांच्याच जठरात व्रण (न भरणारी जखम) झाला. त्यासाठी ते ज्वारीच्या दाण्याएवढा कॅमेरा गिळत. जठराच्या अस्तराचं (आतल्या आवरणाचं) चित्र तो इचलकरंजीच्या त्यांच्या घरातल्या भिंतीवर पाठवी. रक्त जास्त तिथे लाल, कमी तिथे फिकट. आम्ल (अन्न पचवणारा जहाल आंबट रस) कमी करणारी गोळी घेतली की लाल रंग ओसरायचा.

जखमेला रक्त हवं, एवढं मैथिलीला ठाऊक होतं. गोळी द्यायचं काम तिच्याकडेच होतं. तिने खऱ्या गोळीऐवजी गुपचूप साखरगोळ्या द्यायला सुरुवात केली. भिंत पुन्हा लाल झाली. ती मनातून खूश झाली, पण आजोबांचं दुखणं उलटलं. ना जेवण, ना झोप. त्यांच्या उशाशी बसून बसून तीही पेंगुळली होती.

त्या दुपारी आजोबा पोटाशी उशी धरून खुर्चीत वाकले होते. "जीव कंटाळला बघ, मैथिली. आता डॉक्टर म्हणतात, उद्या दवाखान्यात भरती व्हा. जखमेतून रक्त येईल, अशी भीती आहे."

मैथिलीला रडू फुटलं. तिने सगळं सांगून टाकलं. आजोबा रागावले नाहीत. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"खिडकी उघड," ते म्हणाले. "गल्लीत सुताचे टेम्पो दिसतात का?"

"एकही नाही. आज कापडाच्या मागांना सुट्टी आहे की."

"मग रस्ता खचलाय का?"

"नाही. काम नाही, म्हणून टेम्पो नाहीत."

"तेच पोटात. आम्ल तयार करणाऱ्या पेशी (शरीराचे सूक्ष्म घटक) म्हणजे आपले माग. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो आणि तो रक्त आणतं. गोळी त्या पेशींना सुट्टी देते. काम घटलं, की रक्ताची ये-जा घटते. पण गल्ली उघडीच असते. डागडुजीपुरतं रक्त येत राहतं, आणि आम्ल जखमेला चावत नसल्याने ती भरते."

"म्हणजे लाल रंग बघून मी उगाच खूश झाले?"

"होय. माग धडाधड चालू होते आणि मी भाजत होतो." आजोबांनी दम घेतला. "खरा घात माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्यांनी केला. रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारे शरीराचे निरोपच त्या गोळ्या अडवतात. माग चालू आणि रस्ता मात्र उखडलेला. भिंतीवर तेही फिकटच दिसतं."

मैथिली विचारात पडली. दोन्हीकडे रंग तोच, कारणं मात्र वेगळी. कारण न विचारताच तिने गोळी बंद केली होती.

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि रडत रडत साखरगोळ्यांचंही सांगितलं. ते म्हणाले, खरी गोळी आत्ता द्या, भरतीचं सकाळी तपासून ठरवू. तिने गोळी आणि पाणी आजोबांच्या हातात दिलं.

"आजोबा, आम्ल कमी करणारी प्रत्येक गोळी रक्त तेवढंच कमी करते?"

"नाही. काही गोळ्यांनी घटतं, काहींनी फारसं नाही, आणि प्रयोगांचे निष्कर्षही सगळे जुळत नाहीत. मला ते शोधायचं होतं." त्यांचे डोळे मिटत होते. "आता मी थकलो गं. ते तू बघ."

हळूहळू भिंतीवरचा लाल रंग ओसरला. आजोबांच्या कपाळावरच्या आठ्याही सैल झाल्या आणि त्यांचा घोरण्याचा आवाज येऊ लागला. कितीतरी दिवसांनी तो ऐकून मैथिलीने उशी हळूच सोडवून घेतली आणि त्या फिकट भिंतीला टेकून तीही झोपी गेली.